बॅटरी बदलण्यापूर्वी



शहापूर-मुरबाडकडे ज्या घराच्या पडवीत ६ व्होल्टची जुनी जावा किंवा येझदी उभी आहे, त्या घराशी आज मला बोलावयाचे आहे. म्हैसूरच्या कारखान्यात ह्या गाड्या १९६१ पासून होऊ लागल्या; १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. गाड्या मात्र चालूच आहेत. आसनगाव सोडून रात्री कसाऱ्याचा घाट चढू लागावे, तो दिवा पिवळा पडतो, आणि पुढे गाडीच थांबते; कारण ठिणगीही बॅटरीवरच. मग माणूस नवी बॅटरी आणतो. थोड्या दिवसांत तीही बसते!

तेव्हा पैसे टाकण्याआधी व्होल्टमीटर लावून पाहा. इंजिन बंद असता भरलेली बॅटरी ६.३-६.४ दाखवते. इंजिन चालू करून वेग वाढवा. काटा ७ च्या जरा वर गेला, तर डायनामो नि रेग्युलेटर कामावर आहेत, बॅटरीच तपासा. काटा हललाच नाही, तर चार्जिंग नाही. ७.५ च्या बराच वर गेला, तर रेग्युलेटर डायनामोला आवरीत नाही. बॅटरीतले पाणी सारखे आटते ते त्यामुळेच.

लाल दिवा मंद इंजिनावर लागला तर घाबरू नये. वेग वाढताच तो विझला पाहिजे. त्या वेळी रेग्युलेटरच्या डबीतला कटआऊट जोडला जातो. विहिरीवरच्या पंपाच्या फुटव्हॉल्व्हचे काम तो करतो: बॅटरीतली वीज उलटी डायनामोत जाऊ देत नाही. गुरुजींनी खिळ्याभोवती तार गुंडाळून मुलांना विद्युतचुंबक दाखविला असेल, तर कटआऊट म्हणजे तोच खिळा, असे खुशाल सांगावे.

चार्जिंग नसेल, तर बहुतेक मेकॅनिक आधी रेग्युलेटरची स्प्रिंग वाकवतात. हे मला मुळीच पसंत नाही. तो शेवटी उघडावा. आधी उजवीकडचे झाकण काढा. कार्बन होल्डरात सहज सरकतात का? झिजून आखूड झालेत का? कम्युटेटर काळा असेल तर पेट्रोलच्या फडक्याने पुसा. फार तर बारीक काचकागद, पण एमरी नको, तिचे कण खाचांत बसतात. पावसाळ्यानंतर अर्थची तार गंजलेली असते. तीही घासून घट्ट करा.

कोणाकडे लूकसच्या डायनामोची जुनी विलायती गाडी असेल, तर तिची परीक्षा सोपी आहे. डी आणि एफ ह्या तारा सोडवून डायनामोची ती दोन टोके एकत्र जोडावीत आणि मीटर अर्थशी धरावा. वेग हळू वाढविताना काटा झरझर १० पर्यंत चढला की डायनामो ठीक. इंजिन उगाच पळवू नये. अर्धा व्होल्ट दाखविला तर फील्ड कॉइल, दीड ते पावणेदोन दाखविले तर आर्मेचर संशयित. जावावर मात्र तिचा वायरिंगचा नकाशा पाहिल्याखेरीज हे करू नये.

राहिली घाटाची गोष्ट. जावाचा डायनामो ४५ वॅटचा. पुढचा दिवा ३५ वॅटचा घातला, की मागचा दिवा आणि कॉइल यांना उरते किती? मोठा बल्ब तर लावूच नये. चढावर गिअर खालचा ठेवा, म्हणजे इंजिन फिरते राहील आणि लाल दिवा विझलेला राहील.