हिरवी सवलत कोणाच्या छपराला?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



१४९० साली अहमद निजामशहाने सीना नदीच्या काठी नगर शहर वसवले. कापूरवाडी, भिंगार अशा आसपासच्या गावांच्या शिवारातून खापरी नळांनी या शहरात पाणी आणले गेले. उतारावरून आपल्या गतीने वाहत येणारे ते पाणी पेठांमधील हौदांत पडे. त्यातला मोठा वाटा सरदारांच्या बागांना आणि महालांना मिळे, हे विसरता येत नाही. सरंजामशाहीचे गोडवे गाण्याचे काहीच कारण नाही. परंतु पेठेतला सार्वजनिक हौद कोणा एका घराचा नव्हता, ही गोष्ट आजच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

आज शहराचे पाणी मुळा धरणातून येते आणि ते विजेच्या पंपांनी चढवावे लागते. म्हणजेच वाया गेलेल्या प्रत्येक घागरीबरोबर वीजही वाया जाते. नगरचे पाऊसमान वर्षाला साडेपाचशे मिलिमीटर धरले, तर शंभर चौरस मीटरच्या गच्चीवर ५५ हजार लिटर पाणी पडते. त्यातला पाचवा हिस्सा सोडून दिला तरी ४४ हजार लिटर जमिनीत मुरवता येते. तेव्हा पाणी जिरवणे, सूर्याची वीज वापरणे, ओला कचरा घरीच कुजवणे ही श्रीमंतांची हौस आहे असे म्हणून चालणार नाही. या गोष्टी झाल्याच पाहिजेत.

प्रश्न आहे तो त्यासाठी मिळणाऱ्या सवलतींचा. राज्यातील अनेक महानगरपालिका अशा सोयी करणाऱ्यांना मालमत्ता करात सूट देतात. पुण्यात ती पाच ते दहा टक्के आहे. केंद्र सरकारच्या २०२४ च्या सूर्यघर योजनेत घराच्या छपरावर तीन किलोवॉटचे संच बसवणाऱ्यास ७८ हजार रुपये अनुदान मिळते. राज्याच्या २०२० च्या बांधकाम नियमावलीत ‘हरित’ ठरलेल्या इमारतीला तीन ते सात टक्के जादा बांधकामाची मुभा आहे. या तिन्ही सवलतींत एक गोष्ट समान आहे. पहिलीला नावावर मालमत्ता लागते, दुसरीला छप्पर आणि तिसरीला भूखंड.

सावेडीतील बंगल्याच्या मालकाला यातले बरेच काही मिळू शकते. भाड्याच्या खोलीत विड्या वळणाऱ्या बाईला काय मिळते? ती दिवसाकाठी दोन-चार हंडे पाणी वापरते, धुण्याचे पाणी फरशीला वापरते, जुनी साडी गोधडीत घालते. नगरात सर्वांत कमी नासाडी तिच्या घरी होते. तरीही तिच्या काटकसरीला कोणत्याही योजनेत बक्षीस नाही, कारण ती काटकसर मालमत्तेच्या उताऱ्यावर नोंदली जात नाही. गरीब वीजग्राहकांसाठी राज्याने २०२५ साली सौर संचाचे अनुदान वाढवले, हे स्वागतार्ह आहे. पण स्वतःच्या छपराची अट कायम राहिली.

याच जिल्ह्याने दुसरी वाटही दाखवली आहे. नगर तालुक्यातील हिवरे बाजारने पाण्याचा ताळेबंद मांडला, शेतीसाठी विंधनविहिरी घेण्यावर बंदी घातली आणि सर्वांना एकच नियम लावला. तेथे जमिनीत मुरलेले पाणी सामायिक मानले गेले. शहरांकडे पाहिले, तर ‘माझी वसुंधरा’ अभियानाच्या पहिल्या वर्षीच शिर्डी आणि कर्जत या नगरपंचायतींनी राज्यात पारितोषिके मिळवली. कर्जतचे नागरिक रोज सकाळी श्रमदानाला जमत राहिले. हे बक्षीस गावाला मिळाले, घरमालकाला नव्हे. हेच तत्त्व शहरातल्या प्रत्येक वस्तीपर्यंत नेण्याची गरज आहे.

आणि कचऱ्याचे काय? शहर स्वच्छ ठेवणारे हात कंत्राटी कामगारांचे आणि कचरावेचक बायांचे आहेत. पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. बाबा आढावांसारख्यांच्या साथीने कचरावेचकांनी ओळखपत्र मिळवले आणि २००८ पासून त्यांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था महानगरपालिकेशी करार करून घरोघरचा कचरा गोळा करू लागली. कचरावेचकांना व्यवस्थेत सामावून घ्या, असे २०१६ चे घनकचरा नियमही सांगत होते. या बायांना त्यांचे हक्क संघटनेच्या बळावर मिळाले, कोणाच्या दयेने नव्हे.

म्हणून कार्यकर्त्यांनी तीन मागण्या हाती घ्याव्यात. पहिली, महानगरपालिकेच्या शाळा, दवाखाने आणि मंडया यांच्या छपरांवर आधी सौर संच आणि पाणी जिरवण्याची सोय व्हावी, आणि त्यातून वाचलेला पैसा त्याच प्रभागातील नळकोंडाळी व शौचालये यांवर खर्च व्हावा. दुसरी, करातील सूट जशी घराला, तसा निधी वस्तीला मिळावा. तो कसा खर्चावा हे रहिवाशांच्या सभेने ठरवावे. क्षेत्रसभेची तरतूद कायद्यात २००९ सालीच झाली आहे. तिसरी, कचरावेचकांना ओळखपत्र, विमा आणि विकल्या जाणाऱ्या सुक्या कचऱ्यावर हक्क मिळावा.

या मागण्यांसाठी निवेदने पुरेशी नाहीत. प्रत्येक शाखेने आपल्या प्रभागात घरोघर जाऊन नोंद करावी: किती घरे मालकीची, किती भाड्याची, सार्वजनिक छपरे किती, सवलत कोणाला मिळाली आणि कोणाला नाही. ही आकडेवारी हाती घेऊन अंदाजपत्रकाच्या आधी महानगरपालिकेच्या दारात उभे राहावे. हवा, पाणी आणि ऊन यांना सात-बारा नाही. त्यांच्या रक्षणाचे फळ मात्र केवळ सात-बारावाल्यांना मिळत असेल, तर त्या हिरवेपणाला समाजवाद म्हणता येणार नाही.