मतदार नसलेल्यांची निवडणूक
(जबलपूरनजीक रांझी येथील मराठी श्रोत्यांपुढे दिलेले व्याख्यान)



एखाद्या देशात राष्ट्राध्यक्षाची निवड होते तेव्हा मत देण्याचा अधिकार त्या देशाच्या नागरिकांनाच असतो. त्या निवडीची फळे मात्र देशाच्या सीमेपाशी थांबत नाहीत. शेजारच्या देशातील शेतकऱ्याच्या धान्याचा भाव, तेथील गिरणीतील मजुराचा रोजगार, कधीकधी तेथील तरुणांचे प्राणही त्या निवडीवर अवलंबून असतात. मत नाही, पण परिणाम मात्र भोगावयाचा आहे, अशा माणसाने ती निवडणूक कोणत्या दृष्टीने पाहावी? हा प्रश्न वरवर दूरचा वाटतो. वस्तुतः तो जबलपूरच्या परिसराला फार जवळचा आहे, आणि तो का जवळचा आहे हे पाहण्यासाठी प्रथम थोडे दूर जाऊन यावे लागेल.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत राष्ट्राध्यक्षाची निवडणूक नोव्हेंबर महिन्यात होते. परंतु खरी चुरस तिच्या कितीतरी आधी सुरू झालेली असते. प्रत्येक पक्षाला आपला एक उमेदवार ठरवावा लागतो. पूर्वी हे काम पक्षाचे पुढारी बंद दाराआड करीत. विसाव्या शतकाच्या आरंभी काही राज्यांनी निराळा मार्ग स्वीकारला. पक्षाच्या सामान्य मतदारांनीच आपला कल मतपेटीतून दाखवावा, त्यानुसार प्रतिनिधी निवडले जावेत आणि त्या प्रतिनिधींनी उन्हाळ्यातील राष्ट्रीय अधिवेशनात उमेदवार ठरवावा, असा हा मार्ग होता. या प्राथमिक निवडणुका सर्व राज्यांत एकाच दिवशी होत नाहीत. एका राज्याचा निकाल दुसऱ्या राज्याच्या मतदारांपुढे असतो. म्हणून त्यांना शर्यतीचे स्वरूप येते आणि परदेशांतील वाचकही ती शर्यत उत्सुकतेने पाहू लागतात.

या उत्सुकतेमागे केवळ करमणूक नसते, याचे उत्तम उदाहरण म्हणजे कॅनडा. १९११ च्या जानेवारीत राष्ट्राध्यक्ष टॅफ्ट यांच्या सरकारने कॅनडाशी परस्पर जकातसवलतींचा करार केला. कॅनडाचे पंतप्रधान सर विल्फ्रिड लॉरिये यांचा त्यास पाठिंबा होता. परंतु पुढे अमेरिकी प्रतिनिधिगृहाचे सभापती झालेले चॅम्प क्लार्क यांनी त्याच सुमारास भर सभागृहात असा आशय बोलून दाखविला की, उत्तरेकडील सर्व ब्रिटिश मुलखावर एक दिवस अमेरिकेचा ध्वज फडकावा. हे उद्गार कॅनडात वणव्यासारखे पसरले. २१ सप्टेंबर १९११ रोजी तेथील सार्वत्रिक निवडणुकीत लॉरिये पराभूत झाले आणि कराराला विरोध करणारे बोर्डन पंतप्रधान झाले.

प्रकरण येथे संपले नाही. १९१२ मध्ये रिपब्लिकन पक्षाच्या उमेदवारीसाठी टॅफ्ट आणि त्यांचे एकेकाळचे गुरू थिओडोर रूझवेल्ट समोरासमोर उभे राहिले. प्राथमिक निवडणुकांच्या त्या धुमाळीत, एप्रिल महिन्यात, टॅफ्ट यांनी दोघांमधील खाजगी पत्रव्यवहार उजेडात आणला. त्यात जानेवारी १९११ चे एक पत्र होते. या करारामुळे कॅनडा अमेरिकेचे केवळ एक उपांग होऊन बसेल, असे मत टॅफ्ट यांनी त्यात मोकळेपणाने मांडले होते. कॅनडाच्या मतदारांनी जी शंका घेऊन मतदान केले होते तिचा पुरावा सात महिन्यांनी शेजाऱ्यांच्या घरगुती भांडणातून बाहेर पडला! परक्या देशांना उद्देशून केलेली भाषणे मोजूनमापून केलेली असतात. घरातल्या घरात भाऊबंद भांडू लागले म्हणजे मात्र मनातले ओठांवर येते. प्राथमिक निवडणुकीकडे शेजाऱ्याने लक्ष द्यावे याचे हे पहिले कारण होय.

त्या शर्यतीचा शेवटही बोधप्रद आहे. १३ राज्यांत प्राथमिक निवडणुका झाल्या. त्यांपैकी ९ रूझवेल्ट यांनी जिंकल्या. तथापि जून महिन्यात शिकागो येथील अधिवेशनात पक्षयंत्रणा टॅफ्ट यांच्या हाती होती. वादग्रस्त प्रतिनिधींच्या जागांचे निर्णय प्रायः त्यांच्याच बाजूने लागले आणि उमेदवारी त्यांना मिळाली. रूझवेल्ट यांनी वेगळा पक्ष काढला, मतांची फाटाफूट झाली आणि नोव्हेंबरमध्ये डेमोक्रॅटिक पक्षाचे वुड्रो विल्सन विजयी झाले. विल्सन यांच्या पक्षातही बहुमत प्रथम चॅम्प क्लार्क यांना मिळाले होते. परंतु दोनतृतीयांश मतांच्या नियमामुळे ते अडले आणि ४६ व्या फेरीत विल्सन यांची निवड झाली. मते मिळविणे आणि संघटना हाती असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हा या हकीगतीचा इत्यर्थ.

हा इत्यर्थ मनात ठेवूनच आता रांझीकडे आणि जबलपूरकडे वळावयाचे आहे.

रांझीच्या बाजूने जबलपूर शहर ओलांडून नर्मदेच्या दिशेने गेले म्हणजे तेवर नावाचे गाव लागते. कलचुरी राजांची त्रिपुरी ती हीच. १९३९ च्या मार्च महिन्यात काँग्रेसचे ५२ वे अधिवेशन याच परिसरात, नर्मदाकाठी उभारलेल्या विष्णुदत्तनगरात भरले. सेठ गोविंददास स्वागताध्यक्ष होते. अधिवेशन ५२ वे, म्हणून मिरवणुकीच्या रथाला ५२ हत्ती; परंतु रथात अध्यक्ष मात्र नव्हते. सुभाषचंद्र बोस तापाने फणफणलेले असल्यामुळे त्यांच्या प्रतिमेचीच मिरवणूक निघाली. जबलपूरमधील कमानिया दरवाजा आजही त्या अधिवेशनाचे स्मरण करून देतो. पाहणाऱ्याने दरवाजा पाहावा, पण त्यामागील निवडणूक विसरू नये.

कारण ती निवडणूक म्हणजे एक प्रकारे भारतातील प्राथमिक निवडणूकच होती. १९२० च्या नागपूर अधिवेशनानंतर काँग्रेसने आपले प्रांत भाषावार केले होते. मध्यप्रांत व वऱ्हाड हा सरकारदरबारी एकच इलाखा; काँग्रेसच्या घटनेत मात्र त्याचे तीन भाग होते : हिंदी भाषकांचा महाकोशल, आणि मराठी भाषकांचे नागपूर व विदर्भ. प्रत्येक प्रांताचे प्रतिनिधी आपापल्या ठिकाणी अध्यक्षपदासाठी मत देत. त्यापूर्वीच्या अनेक वर्षांत हे मतदान केवळ उपचार ठरले होते. ज्येष्ठ पुढारी एक नाव सुचवीत आणि बाकीचे ते मान्य करीत. २९ जानेवारी १९३९ रोजी प्रथमच खरी लढत झाली. हरिपुरा अधिवेशनाचे अध्यक्ष असलेले सुभाषबाबू पुन्हा उभे राहिले. मौलाना आझाद यांनी माघार घेतल्यावर त्यांच्यासमोर उभे राहिले डॉ. पट्टाभी सीतारामय्या; त्यांना गांधीजींचा आशीर्वाद होता. बंगाल, पंजाब, संयुक्त प्रांत, कर्नाटक व केरळ सुभाषबाबूंच्या बाजूने गेले; गुजरात, आंध्र, बिहार व उत्कल पट्टाभींच्या बाजूने. सुभाषबाबूंना १५८० आणि पट्टाभींना १३७७ मते पडली. हा पराभव पट्टाभींपेक्षा आपलाच अधिक आहे, असे गांधीजींनी जाहीर केले.

वादाचा विषय केवळ व्यक्तींचा नव्हता. वल्लभभाई पटेल व त्यांचे सहकारी यांचे म्हणणे असे की, धोरण कार्यकारिणी ठरविते. अध्यक्ष हा सभेचा प्रमुख, त्यासाठी चुरस कशाला? सुभाषबाबूंचे उत्तर उलट होते. काँग्रेसचा अध्यक्ष हा शोभेचा राजा नव्हे. स्वतःचे मंत्रिमंडळ निवडणाऱ्या पंतप्रधानाशी अथवा अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाशी त्याची तुलना केली पाहिजे, असे त्यांनी प्रतिपादन केले. निवडणूक कार्यक्रमावर व्हावी, १९३५ च्या कायद्यातील संघराज्याच्या योजनेशी तडजोड होणार की नाही यावर व्हावी, हा त्यांचा आग्रह. म्हणजे अमेरिकेतील त्या पद्धतीचा आदर्श खुद्द उमेदवाराच्याच नजरेसमोर होता. ज्यांना ती परकी कल्पना वाटते त्यांनी त्रिपुरीचा हा वाद अवश्य वाचावा.

आणि या निवडणुकीच्या खिडकीतून जगाचे वारे सतत आत येत होते. सप्टेंबर १९३८ मध्ये म्युनिकच्या करारान्वये चेकोस्लोव्हाकियाचा लचका हिटलरच्या हाती देण्यात आला होता. त्याच महिन्याच्या पहिल्या तारखेला काँग्रेसने पाठविलेले पाच डॉक्टरांचे वैद्यकीय पथक मुंबईहून चीनकडे निघाले. त्यांत सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आणि नागपूरचे डॉ. चोळकर हे दोघे मराठी होते. कोटणीस परत आले नाहीत. ९ डिसेंबर १९४२ रोजी चीनमध्येच त्यांचा अंत झाला. त्रिपुरीच्या मंडपात ईजिप्तच्या वफ्द पक्षाचे प्रतिनिधी पाहुणे म्हणून उपस्थित होते. ब्रिटनच्या परराष्ट्र धोरणाशी, म्युनिकच्या कराराशी आणि स्पेनमधील बंडखोरांना दिलेल्या मान्यतेशी आपला काही संबंध नाही, असे अधिवेशनाने ठरावाद्वारे स्पष्ट केले. सुभाषबाबूंचे भाषण त्यांचे बंधू शरदबाबू यांनी वाचून दाखविले. युरोपवर संकटाची छाया असताना ब्रिटिश सरकारला सहा महिन्यांची मुदत द्यावी, असे त्यात सुचविले होते. अधिवेशन संपते न संपते तोच, १५ मार्च रोजी, जर्मन सैन्य प्रागमध्ये शिरले.

परंतु शिकागोत १९१२ मध्ये जे घडले तेच नर्मदाकाठी निराळ्या रूपाने घडले. फेब्रुवारीतच कार्यकारिणीच्या १२ सदस्यांनी राजीनामे दिले होते. गांधीजी राजकोटच्या उपोषणानंतर तेथेच होते. गोविंद वल्लभ पंत यांनी ठराव मांडला की, अध्यक्षांनी आपली कार्यकारिणी गांधीजींच्या इच्छेनुसार नेमावी. समाजवादी गट तटस्थ राहिला आणि ठराव संमत झाला. दीड महिन्यापूर्वी ज्या प्रतिनिधींनी अध्यक्ष निवडला त्यांनीच त्याचे हात बांधले! यात विसंगती दिसते. परंतु त्या प्रतिनिधींना तसे वाटले नसावे. त्यांना सुभाषबाबूंचे तेज हवे होते आणि गांधीजींचे छत्रही हवे होते. दोहोंपैकी एकच निवडावे लागेल, हे मतपत्रिकेवर लिहिलेले नव्हते. एप्रिलच्या अखेरीस कलकत्त्यात सुभाषबाबूंनी राजीनामा दिला, राजेंद्रप्रसाद अध्यक्ष झाले आणि मे महिन्यात फॉरवर्ड ब्लॉकची स्थापना झाली. रूझवेल्ट यांच्या नव्या पक्षाची येथे आठवण झाल्यावाचून राहत नाही.

तुलना ताणण्यात अर्थ नाही. टॅफ्ट व रूझवेल्ट यांच्यापुढे सत्ता होती. त्रिपुरीत जमलेल्यांपुढे पारतंत्र्य होते. शिवाय त्रिपुरीच्या मंडपाबाहेर उभ्या असलेल्या हजारो माणसांना मतच नव्हते. आणि त्याहून मोठी गोष्ट अशी की, ज्या प्रश्नावर मंडपात वाद चालला होता त्याचा निर्णय अखेर दुसरीकडेच झाला. ३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी कोणालाही न विचारता भारत युद्धात असल्याचे घोषित केले. प्रांतिक काँग्रेस मंत्रिमंडळांनी, नागपूरच्या रविशंकर शुक्ल यांच्या मंत्रिमंडळासह, राजीनामे दिले. जबलपूरचा तोफगाड्यांचा कारखाना १९०४ पासून होताच. १९४२ मध्ये खमरियाचा दारूगोळ्याचा कारखाना त्यात सामील झाला. रांझी ही या कारखान्यांच्या सान्निध्यात वाढलेली वस्ती. ज्या युद्धाचा निर्णय येथे कोणी केला नव्हता, त्या युद्धाच्या भोंग्यावर येथील घराघरांतील दिवस उगवू लागला. मत नसलेल्यांवर निर्णयाचा भार कसा पडतो याचे याहून जवळचे उदाहरण शोधावे लागणार नाही.

कॅनडाचे पंतप्रधान पिएर ट्रूदो यांनी मार्च १९६९ मध्ये वॉशिंग्टन येथे बोलताना म्हटले होते की, अमेरिकेशेजारी राहणे म्हणजे हत्तीशेजारी झोपणे होय. हत्ती कितीही सालस असला तरी त्याची प्रत्येक कूस शेजाऱ्याला जाणवते. या उपमेचे मर्म ५२ हत्ती पाहिलेल्या गावाला समजावून सांगावयास नको. २०२५ मध्ये अमेरिकेने कॅनडाच्या मालावर जादा आयातशुल्क लादले आणि २८ एप्रिल २०२५ च्या कॅनडातील निवडणुकीत तोच प्रश्न अग्रभागी आला, तेव्हा १९११ सालच जणू पुन्हा अवतरले. १९८१ मध्ये स्थापन झालेल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या छत्राखाली अमेरिका आणि कॅनडा या दोन्ही देशांतील मराठी मंडळे एकत्र येतात. अशा एकाच कुटुंबात एक भाऊ तेथील मतदार आणि दुसरा केवळ प्रेक्षक असू शकतो.

मग या प्रेक्षकाने काय करावे? प्रथमतः, उमेदवाराच्या रूपापेक्षा निवडीची पद्धत समजून घ्यावी. प्रतिनिधी कोण निवडतो, नियम कोण करतो आणि वादाचा निवाडा कोणाच्या हाती असतो, हे ठाऊक नसेल तर शिकागो आणि त्रिपुरी या दोन्ही ठिकाणचे निकाल चमत्कारच वाटतील. दुसरे असे की, घरच्या मतदारांपुढे उमेदवार शेजाऱ्यांविषयी काय बोलतो ते टिपून ठेवावे. टॅफ्ट यांच्या पत्राची कथा तेवढ्यासाठीच सांगितली. आणि तिसरी गोष्ट सर्वांत अवघड आहे. दुसऱ्याच्या घरातील निवड न्याहाळताना स्वतःच्या घरातील निवड कशी होते, याकडे डोळेझाक होऊ देऊ नये. परदेशातील पक्षांचे उमेदवार कसे ठरतात हे चवीने सांगणाऱ्यास आपल्या गावचा उमेदवार कोणी, कोठे आणि कोणत्या मताने ठरविला हे सांगता येत नसेल, तर त्याचे ज्ञान अपुरे आहे.

२९५७ मतांनी एक प्रश्न विचारला होता : पक्षाचा नेता वरून यावा की खालून? त्रिपुरीने त्याचे उत्तर अर्धेच दिले. उरलेले अर्धे उत्तर त्या मंडपात नव्हते आणि शिकागोतही नव्हते. ज्याला आज मत आहे त्या प्रत्येक माणसाकडे ते मागितले जात आहे.