नारा नगरीतील देवदर्शन

(वर्धापनदिनी केलेले भाषण)



जपानात काय पाहिले ते सांगावे, अशी आज्ञा झाली म्हणून उभी राहिले आहे. भाषणाची मला सवय नाही. आठवेल तसे सांगते.

माझा धाकटा मुलगा ओसाका येथे नोकरीस आहे. दोन वर्षांपूर्वी मी त्याच्याकडे राहिले होते. कार्तिकात एके दिवशी त्याने मला नारा येथे नेले. आगगाडीने पाऊण तासाची वाट. इ. स. ७१० ते ७८४ पर्यंत ही जपानची राजधानी होती. राजे गेले, देवळे राहिली, आणि हरणे राहिली! आपल्याकडे गुरे फिरतात तशी ती रस्त्यांतून हिंडतात. एकाने तर माझा पदरच तोंडात धरला. देवाची म्हणून त्यांना कोणी हाकलीत नाही.

तो देव कासुगा येथला. ७६८ साली स्थापन झालेले हे शिंतो देवस्थान आहे. शिंतो म्हणजे बुद्धधर्म येण्यापूर्वीपासूनचा त्यांचा देवधर्म. दारी पाण्याचे कुंड असते. ओगराळ्याने पाणी घेऊन हात धुवायचे, चूळ भरायची, दोनदा वाकायचे, दोनदा टाळी वाजवायची, पुन्हा वाकायचे. मूर्ती काही दिसत नाही. वाटेच्या दोन्ही अंगांस भक्तांनी वाहिलेले दगडी दिवे, आत टांगलेले धातूचे. मिळून सुमारे तीन हजार. वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत व ऑगस्टात, ते सारे पेटवितात. आपल्या लक्ष्मीनारायणाच्या तळ्याकाठी असे दिवे लागले तर पाण्यात कसे दिसतील, हेच माझ्या मनात घोळत राहिले.

तोदाईजी हे बुद्धाचे देऊळ. बैठी मूर्ती सुमारे पंधरा मीटर उंच, म्हणजे चांगला वाढलेला माड! शोमू राजाने ती घडविली. ७५२ साली तिचे नेत्र उघडले ते बोधिसेन नावाच्या भारतीय भिक्षूने. त्याच्या हातातील कुंचल्याला लांबच लांब दोरे बांधले होते आणि जमलेल्या लोकांनी ते धरले होते. म्हणजे डोळे सर्वांनीच रेखले, नाही का?

पण मला सांगायचे आहे ते देवळामागच्या कोठाराविषयी. शोसोइन त्याचे नाव. चाळीस खांबांवर उंच उचललेले, तिकोनी ओंडके रचून बांधलेले. आत सोडीत नाहीत, कुंपणाबाहेरून पाहावयाचे. आतल्या थोड्या वस्तू दर शरदात संग्रहालयात मांडतात. आम्ही गेलो तेव्हा ते प्रदर्शन संपले होते.

शोमू ७५६ साली वारला. एकोणपन्नासाव्या दिवशी त्यांच्यात आपल्या तेराव्यासारखा विधी असतो. त्या दिवशी कोम्यो राणीने त्याच्या सहाशेच्या वर वस्तू बुद्धाला वाहिल्या. या वस्तू नजरेस पडल्या की गेलेले दिवस आठवून जीव तुटतो, असे तिने यादीत लिहिविले आहे. मुलाने हे वाचून दाखविले आणि मी तिथल्या बाकावर बसूनच राहिले. आमचे हे गेल्याला तेव्हा चार वर्षे झाली होती. त्यांची भजनाची पेटी मी माळ्यावर टाकली होती. कोणी मागितली तर घरात नाही म्हणून सांगत असे.

राणीने दिलेल्यांत शिंपल्याचे जडावकाम केलेले एक पाच तारांचे वाद्य आहे. त्या जातीचे जुने वाद्य जगात तेवढे एकच उरले आहे. चित्रात पाहिले, फार सुंदर! पण कोठारात ठेवलेले, ते वाजणार कधी? त्याच दिवशी तिने साठ प्रकारची औषधेही एकवीस पेटाऱ्यांतून दिली. आजाऱ्यांनी ती वापरावीत असे सांगून. त्यांत मिरी आहे, भगिनींनो! आपल्या पोफळींवर चढते ती मिरी बाराशे वर्षांपूर्वी तिथे औषध म्हणून पोचली होती. ती औषधे खरोखर वाटली गेली, काही थोडी अजून शिल्लक आहेत. मला विचाराल तर राणीचे हे दुसरे दान मोठे.

घरी परतल्यावर माळ्यावर चढले. पेटीचा भाता झुरळांनी खाल्ला होता. ती खाली ठेवून बराच वेळ रडले, हेही सांगून टाकते. मग कुडाळला नेऊन दुरुस्त केली आणि एकादशीच्या भजनाला दिली. आज आरंभी प्रार्थनेला वाजली ती तीच. मधला एक सूर अजून जरा फाटतो, तेवढे सांभाळून घ्यावे.