होडीचा जुना साचा

श्रोतेहो, कर्जत-खालापूरच्या माणसाला होडीविषयी काय सांगायचे, असे तुम्ही म्हणाल. समुद्र आपल्या दारात नाही, हे खरे. पण उल्हास आणि पाताळगंगा आहेत ना! २७ जुलै २०१९ रोजी आपल्याच उल्हासच्या पुरात बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली. हजारावर माणसे होड्यांच्या मदतीने बाहेर काढावी लागली. गावाची स्वतःची फायबरची होडी असली तर आधार होतो. नवा साचा मात्र महाग पडतो. म्हणून कुठे जुना साचा पडून असेल, तर तो कामाला कसा लावावा, एवढेच आज बोलू.

साच्याचे आतले अंग म्हणजे होडीचे बाहेरचे अंग. साच्यावरचा ओरखडा होडीवर उमटतो. म्हणून लोखंडी खरवडणी, तारेची घासणी आधी दूर ठेवा. साबणाच्या पाण्याने माती, पाला, शेवाळ धुऊन काढा. चिकटलेली राळ लाकडी पाचर हळूहळू सारून सोडवा.

आता परीक्षा. दोन्ही तिरकस टोकांमधले अंतर सुतळीने मोजा. दोन मापांत फरक आला, तर साचा पिळला आहे. फार पिळलेला असेल तर सरळ नाद सोडा; वाकड्या साच्यातून सरळ होडी निघत नाही. मग रुपयाच्या नाण्याने सगळीकडे टकटक करा. आवाज टणक आला तर ठीक, पोकळ आला तर आतले थर सुटले आहेत, तेवढा भाग खरवडून पुन्हा भरावा लागेल. कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा दिसतील, त्याही कोरून साच्यासाठी मिळणाऱ्या जेलकोटने भराव्यात. भरण वाळल्यावर पाणी लावत पॉलिश पेपर चालवा: ४००, ६००, ८००, मग १०००. एकही पायरी गाळू नका. शेवटी रबिंग कंपाउंडने चकाकी आणा.

चकाकी आली म्हणजे साचा तयार झाला, असे मात्र समजू नका. इथेच पुष्कळांची फसगत होते. मोदकाच्या साच्याला तूप लावले नाही तर काय होते, ते घरातल्या बायकांना विचारा! इथे तुपाच्या जागी मेण. पातळ हात द्यायचा, वाळू द्यायचा, मऊ फडक्याने पुसायचा. घासलेल्या साच्याला असे पाच-सहा हात हवेत, मध्ये तासाभराची उसंत देऊन. मोटारीचे सिलिकोनवाले पॉलिश वापरू नये. खात्री करायची तर चिकटपट्टी लावून ओढून बघा. सहज सुटली तर बरे, घट्ट धरून बसली तर मेण आणखी हवे. पहिल्या एक-दोन होड्यांसाठी मेणावर पीव्हीएचा पातळ थरही द्यावा. हा आळस केला, की होडी साच्यालाच धरते. मग होडीही जाते आणि साचाही.

आणि बरं का, हे काम पावसाळ्यात काढू नका. दमट हवेत पीव्हीए वाळत नाही, राळही नीट धरत नाही. दिवाळीनंतर साचा हाती घ्यावा. होळीपर्यंत होडी बाहेर पडते आणि मृगापूर्वी तिची पाण्यात पारख करता येते.

शिक्षक मित्रांनो, मुलांना हे काम दाखवायला जरूर न्या, पण लांबून. राळेत कोबाल्ट आणि हार्डनर अशी दोन औषधे पडतात. ती दोन्ही एकमेकांत थेट कधीही मिसळू नयेत, भडका उडतो, स्फोटही होतो. कोबाल्ट आधी राळेत पुरते ढवळावे, हार्डनर अगदी शेवटी, डब्यावर लिहिलेल्या मापानेच. हार्डनर डोळ्यांत उडाला तर दृष्टी जाऊ शकते. म्हणून चष्मा हवाच. उडालाच, तर पंधरा मिनिटे पाण्याने डोळा धूत राहा आणि लगेच दवाखाना गाठा. जागा मोकळ्या हवेची असावी, आणि बिडी-काडी अंगणाबाहेर. ॲसिटोनचा वास येत असताना काडी ओढणारा महाभाग प्रत्येक गावात एक तरी निघतोच.

होडी निघाली, की साच्यावर राहिलेला पीव्हीए नुसत्या पाण्याने निघतो. साचा पुसून मेणाचा एक हात द्यावा आणि पालथा घालून सपाट ओंडक्यांवर ठेवावा, म्हणजे तो पिळत नाही. वर ताडपत्री बांधावी. पण कडेने वारा खेळता राहू द्या, नाहीतर आत ओल धरते.