गीझरचं झाकण

देवनहळ्ळी तालुक्याला बारमाही नदी नाही. इथल्या घरांत येणारं पाणी बहुतेक बोअरचं, कितीतरी ठिकाणी हजार फुटांहून खोल खडकातून उपसलेलं, त्यामुळे क्षारांनी जड. २००८ साली विमानतळ सुरू झाल्यावर या भागात इमारती वाढल्या, मराठी कुटुंबंही आली आणि प्रत्येक बाथरूममध्ये गीझर लागला. हे पाणी तापलं की क्षारांची पांढरी खपली एलिमेंटवर बसते. उष्णता पाण्यात उतरत नाही, एलिमेंट नको तेवढा तापतो आणि कटआउट वीज तोडतो. तो पुन्हा चालू करायचं बारीक बटन अनेक गीझरांत झाकणाच्या आत असतं. दोन-चार स्क्रूंचं तर काम, म्हणून घरातलं कुणीतरी स्टूल घेऊन उभं राहतं. आजचं बोलणं त्या माणसासाठी आहे.

पहिली विनंती, लाइट गेली आहे ही संधी साधून गीझर उघडू नका. लाइट कधीही परत येते. सोसायटीत जनरेटर असेल तर ती काही सेकंदांतही येते, आणि तेव्हा तुमची बोटं टर्मिनलवर असतात.

बाथरूमबाहेरचं बटन बंद केलं, एवढंही पुरत नाही. ते बटन बहुधा एकच तार तोडतं. वायरिंग करताना फेज आणि न्यूट्रल उलटे जोडले गेले असतील, तर बटन बंद असूनही आतला एलिमेंट जिवंत राहतो. म्हणून प्लग सॉकेटमधून काढून डोळ्यांसमोर ठेवा. गीझर थेट भिंतीतल्या तारांना जोडलेला असेल, प्लगच नसेल, तर झाकणाला हात लावू नका. ते काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनचं. टेस्टर जरूर लावा, आधी चालू सॉकेटवर तो पेटतो का हे बघून. पण टेस्टर पेटला नाही एवढ्यावर जीव टांगू नये. काढलेला प्लग हाच खरा पुरावा.

आता पाण्याचा कॉक बंद करा, टाकी निवू द्या. स्क्रू सुटले तरी झाकण ओढू नका, कारण इंडिकेटरच्या नाजूक तारा कधीकधी झाकणालाच जोडलेल्या असतात. ते हळूच कलतं करा आणि तारांचा मोबाइलवर फोटो काढा. आत ओल, काळवंडलेलं टर्मिनल किंवा जळका वास असेल तर काम तिथेच थांबवा. कटआउटचं बटन दाबल्यावर तो पुन्हा पुन्हा उडत असेल, तर त्याला बायपास करून गीझर कधीही चालवू नका. वाफेचा दाब टाकी फोडू शकतो.

झाकण काढताना आपण जपून असतो, बसवताना घाई होते. मला जास्त काळजी वाटते ती बसवण्याची. रबरी गॅस्केट पूर्वीच्याच खाचेत बसली पाहिजे, नाहीतर बाथरूमची वाफ आत शिरते. तार कडेखाली चिमटली जाऊ नये. स्क्रू ज्याचा त्याच जागी लावा, लांब स्क्रू आतल्या तारेचं आवरण भेदू शकतो. आणि हिरवी-पिवळी अर्थिंगची तार सैल नाही ना, हे झाकण मिटण्याआधी बघाच. एलिमेंटची नळी तडकली तर वीज पाण्यात उतरते, तेव्हा तिला वाट देणारी तार हीच.

कॉक उघडून गरम पाण्याच्या नळाला सलग धार येऊ द्या, मगच प्लग लावा. कोरडा एलिमेंट काही क्षणांत जळतो. त्या वेळी नळाखाली कुणाचा हात नको. तीन किलोवॉटचा गीझर २३० व्होल्टवर सुमारे १३ अँपिअर ओढतो. त्याच्या एमसीबीला शरीरातून जाणाऱ्या ३० मिलिअँपिअरची दखलही नसते, आणि माणसाचा जीव जायला तेवढे पुरे होऊ शकतात. ती गळती ओळखून वीज तोडणारं यंत्र म्हणजे ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी. तुमच्या बोर्डात ते आहे का, आजच पाहा. त्यावरचं टेस्टचं बटन दाबल्यावर ते पडलं पाहिजे. गीझर चालू करताच ते पडलं, तर पुन्हा वर ढकलू नका. प्लग काढा आणि इलेक्ट्रिशियन येईपर्यंत अंघोळीचं पाणी गॅसवर तापवा.