वाट मोकळी करणारा वीर
(खारघर येथे ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आज आपणांपैकी बहुतेकजण शीव-पनवेल महामार्गाने येथे आलात. हा मार्ग कोणी बांधिला, हा विचार वाटेत क्वचितच कोणाच्या मनात आला असेल. मार्ग करणाऱ्याचे भाग्यच असे, की काम उत्तम झाले म्हणजे त्याचा विसर पडतो. अशाच एका पुरुषाचे स्मरण करण्यास आम्ही उभे आहोत. ते कोणत्या ज्ञातीचे, हे विचारण्याचे कारण नाही. सुरुंग पेरलेल्या रस्त्यावर ते ज्यांच्यासाठी उतरले, त्यांची ज्ञाती त्यांनी विचारिली नव्हती.

मेजर रामा राघोबा राणे यांचा जन्म २६ जून १९१८ रोजी कारवारजवळील चेंडिया गावी झाला. वडील पोलीस शिपाई. त्यांच्या बदलीबरोबर मुलाची शाळाही बदलत असे. १९४० साली राणे सैन्याच्या बॉम्बे इंजिनियर्समध्ये भरती झाले. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशातील आराकान आघाडीवर त्यांस हुकूम झाला, की सैन्य माघारी येईल तेव्हा आपण थोड्या माणसांनिशी मागे राहून युद्धसाहित्य नष्ट करावे. मागाहून जलमार्गाने सुटका होईल. ती सुटका झाली नाही. तेव्हा जपानी गस्त चुकवून, नदी ओलांडून, राणे यांनी स्वतःच आपली माणसे परत आणिली.

डिसेंबर १९४७ मध्ये ते अधिकारी झाले आणि चारच महिन्यांत काश्मीरच्या रणात त्यांची खरी कसोटी लागली. नौशेराहून राजौरीकडे निघालेल्या सैन्याच्या वाटेत शत्रूने सुरुंग पेरिले होते व झाडे आडवी पाडिली होती. ८ एप्रिल १९४८ रोजी काम सुरू होताच तोफगोळे कोसळले. त्यांच्या तुकडीतील दोघे ठार व पाच जखमी झाले. जखमींत राणे स्वतः होते. तरीही ते मागे फिरले नाहीत. रणगाड्याखाली सरपटत जाऊन, दोरीने चालकास खुणा करीत त्यांनी तो सुरुंगांतून पार नेला, असे सांगतात. ११ एप्रिलला सकाळी अकराच्या सुमारास चिंगसपर्यंतचा मार्ग मोकळा झाला. त्या रात्री दहापर्यंत पुढील वाटेचे काम चाललेच होते. या कामगिरीबद्दल त्यांस परमवीरचक्र मिळाले, आणि तेही हयातीत.

१९५५ साली त्यांचा विवाह झाला. साहसी पुरुष संसारात रमत नाही, असा आपला एक समज आहे. परंतु अपत्यांसाठी वाट मोकळी करणे म्हणजे तरी दुसरे काय? अठ्ठावीस वर्षांच्या सेवेनंतर १९६८ साली ते मेजर म्हणून निवृत्त झाले आणि १९९४ साली पुण्यात निवर्तले.

आम्ही पडलो मॅट्रिक झालेले मास्तर. वर्गात ही कथा सांगितली असता एका मुलाने विचारिले, “गुरुजी, एवढे शूर, मग शेवटी मेजरच का?” आम्ही त्यास, “खाली बैस,” म्हणालो. उत्तर आम्हांसच ठाऊक नव्हते. पुढे तोच मुलगा सैन्यभरतीस निघाला. त्याची आई आमच्याकडे रडत आली. आम्ही त्यास समजावून कारकुनीस लाविले. तो आजही भेटतो, पाया पडतो. तक्रार करीत नाही. आमचा सल्ला चुकला की बरोबर होता, हे आम्हांस अद्याप ठरविता आलेले नाही. परंतु निर्णय त्याचा होता आणि तो आम्ही घेतला, एवढे मात्र मनास लागून राहिले आहे. त्याच्या प्रश्नाचे उत्तर आज आम्ही देतो: बाळ, ज्याने मोकळ्या केलेल्या वाटेने सारी फौज पुढे जाते, त्याची थोरवी हुद्द्याने मोजीत नाहीत.

या व्यासपीठावर आपण दरवर्षी गुणवंत मुलांचा सत्कार करितो. तो अवश्य करावा. पण पुढील वर्षापासून ज्या घरातील मुलगा वा मुलगी सैन्यात आहे, त्या घरच्या आईबापांसही येथे बोलवावे, अशी आमची विनंती आहे. आणि केवळ शाल-श्रीफळ नको. मुले सीमेवर असता म्हाताऱ्यांना दवाखान्यात कोण नेते, निवृत्तिवेतनाचे कागद कोण भरून देते, याची मंडळाने चौकशी ठेवावी. सीमेवर उभे राहणे सर्वांच्या वाट्यास येत नाही. शेजारच्या घराची एखादी अडचण दूर करणे मात्र आपणा सर्वांस शक्य आहे.