खोडावर लिहिलेली हवा

गोड्या मसाल्यातलं दगडफूल आपण सगळ्यांनी हाताळलेलं आहे. राखाडी, चुरचुरीत, मातकट वासाचं. बुरशी आणि शैवाल यांनी मिळून थाटलेला हा संसार. त्याला मुळं नाहीत, अंगावर मेणाचा थर नाही. जे घ्यायचं ते पावसातून आणि हवेतून थेट. त्यामुळे कोळशाच्या धुरातला सल्फर डायऑक्साइड त्याला लवकर बाधतो. पॅरिसच्या लक्झेंबर्ग बागेत नीलांडर या अभ्यासकाने १८६६ सालीच हा संबंध हेरला होता.

ब्रिटनमध्ये १९७१ साली हजारो शाळकरी मुलांनी याच जातकुळीची दगडफुलं पाहून देशभरची हवा तपासली. पद्धत ऑलिव्हर गिल्बर्ट या अभ्यासकाची. मुलांनी झाडांची खोडं, जुन्या दगडी भिंती निरखायच्या. खोडावर नुसती हिरवी भुकटी दिसली, तर हवा फार वाईट. दगडावर नारिंगी चकत्या, म्हणजे जरा बरी. खोडावर पानांसारखे पापुद्रे असले, तर आणखी बरी. आणि फांद्यांवर दाढीसारखे झुपके लोंबत असतील, तर निर्धास्त श्वास घ्यावा! मुलांच्या नोंदींवरून नकाशा तयार झाला. सरकारी यंत्रं असून असून किती ठिकाणी असणार? मुलं मात्र गावोगावी होती.

आपल्याकडच्या शिक्षकांनी ही पट्टी जशीच्या तशी उचलू नये, असं मला वाटतं. धूर नसला तरी कोरड्या मुलखात खोडं उघडीबोडकीच असतात. हमरस्त्यावरचा आंबा आणि आतल्या वाडीतला आंबा, तीच उंची, तीच बाजू, अशी तुलना केली तर काही हाती लागेल. सूक्ष्म धूलिकणांसाठी मात्र यंत्रच हवं. त्यातही एक गंमत आहे. या कणांचं, म्हणजे पीएम २.५ चं, दिवसाचं प्रमाण घनमीटरला ५० मायक्रोग्रॅम आलं, तर आपला हवा गुणवत्ता निर्देशांक हवेला ‘समाधानकारक’ म्हणतो. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ सालची मर्यादा आहे १५. वर्गात या दोन आकड्यांवर वाद होऊ द्यावा.

पुढे ब्रिटनमधला गंधकाचा धूर ओसरला, लंडनच्या झाडांवर दगडफुलांची मंडळी परतली. कोळशातून निघणारा कार्बन डायऑक्साइड मात्र कुठल्याच खोडावर उमटत नाही. तो शोधायचा तर शाळेचं वीजबिल काढावं लागेल. महाराष्ट्रातली बरीचशी वीज आजही कोळशावर तयार होते. वर्गात कोणी नसताना किती पंखे फिरतात, हे मोजायला भिंगही लागत नाही.